पाहुणा आणि शेजारी

(दोघेही गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडचे. एक केनियातलं मसाई मारा पाहून आलेला, दुसऱ्याचं धानाचं शेत जंगलाला लागून. पहिल्याला इथे पाहुणा म्हटलं आहे, दुसऱ्याला शेजारी.)

पाहुणा : राग मानू नका भाऊ, पण नागझिरा आणि नवेगावच्या जंगलांच्या मधोमध जन्म काढून जे कळलं नाही, ते मारातल्या पहिल्या अर्ध्या दिवसात कळलं. मुंबईहून नैरोबी म्हणजे सहा तासांच्या आसपास, घड्याळ अडीच तास मागे. सकाळी उतरलो, गाडी रिफ्ट व्हॅलीचा कडा उतरली, नारोकला डिझेल भरलं आणि दिवस कलताना राखीव क्षेत्राच्या फाटकातून आत गेलो. ऑगस्ट महिना, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही अंगात स्वेटर, कारण तो सगळा मुलूखच दीड हजार मीटरच्या वर आहे. आत गेल्यावर डोळ्यांपुढे क्षितिजापर्यंत गवत. झेब्रे, विल्डबीस्ट, टोपी हरणं, लांबवर जिराफ, उताराला हत्तींचा कळप, आणि एका उंचवट्यावर सिंहीण. ती कुठे आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते पळत नव्हते, ठरावीक अंतर राखून चरत होते. कोण कुणाला किती भितं, भूक लागलेली सिंहीण आणि पोट भरलेली सिंहीण यांत हरीण कसा फरक करतं, हे त्या अंतरावरून डोळ्यांनी वाचता येत होतं. आपल्याकडे भेकर ओरडलं की बांबूच्या पलीकडे काहीतरी आहे, एवढंच हाती लागतं. अन्नसाखळी शाळेच्या पुस्तकात होती. अख्खी एका नजरेत मी पहिल्यांदा तिथे पाहिली.

शेजारी : ती गवताची करामत झाली. तिथे पाऊस, माती, वणवे आणि चरणारी जनावरं यांनी मैदान उघडं ठेवलं, इथे साग, ऐन, बिजा, तेंदू, मोह आणि बांबूने ते झाकलं. आपलं रान दाखवतं कमी, पण ऐकवतं पुष्कळ. मोह वेचायला पहाटे जाणाऱ्या बाईला चितळाच्या ओरडण्यावरून आणि वानरांच्या खेकसण्यावरून वाघ कुठल्या अंगाने चालला आहे याचा अंदाज येतो. अस्वल रात्री कुठे उकरून गेलं ते पाहून ती कुठलं झाड सोडायचं ते ठरवते. तिची समज अशा जंगलात घडलेली आहे, जिथे चुकीचा अंदाज अंगावर येतो. तुम्ही गाडीच्या उघड्या टपातून पाहिलंत, तुमचा अंदाज चुकला तरी काही बिघडणार नव्हतं. आणि त्या निर्धास्तपणाची किंमत बघा. जुलै ते डिसेंबर मारात परदेशी माणसाला दिवसाला 200 डॉलर नुसतं प्रवेशशुल्क, म्हणजे सोळा हजार रुपयांच्या वर. शिवाय विमान, तंबू, पिवळ्या तापाची लस. मे महिन्याच्या उन्हात तेंदूची किती पानं तोडून किती पुडके बांधले म्हणजे तेवढे पैसे होतात, त्याचा हिशेब आपल्या गावात कुणालाही विचारा.

पाहुणा : हिशेबच मांडायचा तर पुरा मांडू. राखीव क्षेत्राच्या भोवती मसाई गुराख्यांच्या जमिनी आहेत. आधी त्या सामूहिक होत्या, नंतर कुटुंबागणिक वाटणी झाली. त्यातल्या अनेक कुटुंबांनी जमिनी एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिल्या. ओलारे मोटोरोगी, नाबोइशो अशी ती सामुदायिक क्षेत्रं. भाडं जमिनीच्या मापावर ठरतं, पर्यटक कमी आले म्हणून त्या महिन्याचं भाडं बुडत नाही. गाड्या मोजक्या, तंबू मोजके, गुरं चारायची तीही ठरवून. म्हणजे जंगलाचा शेजारी तिथे घरमालक आहे. आपल्याकडे काय आहे? बफरमधल्या गावाला सरकारी योजनेतून सिलिंडर मिळतो, कुंपणाला अनुदान मिळतं, चार पोरं गाईड होतात, चार जिप्सी चालवतात. उपकार म्हणून मिळतं, हक्क म्हणून नाही. तिकीट महाग असावं असं मला वाटतं. स्वस्त तिकिटाने गर्दी वाढते आणि शेजाऱ्याच्या वाट्याला धूळ येते.

शेजारी : भाडेकरू चांगला असला तरी घरमालक त्याच्या येण्या-जाण्यावरच जगतो. 2020 साली विमानं थांबली, तेव्हा त्यातल्या कित्येक ठिकाणी भाडी कमी करावी लागली. नैरोबीचं विमान येईल की नाही यावर गुराख्याच्या घरची चूल अवलंबून राहावी, हा घरमालकीचा कुठला प्रकार? तरी तुमचा मुद्दा मानतो, उपकारापेक्षा भाडं बरं. माझी खरी हरकत त्याच्या आधीची आहे. तुम्ही जी मोकळी, निर्मनुष्य भूमी पाहिलीत ती तशी कधी होती? माराला लागूनच असलेलं टांझानियातलं सेरेंगेटी 1951 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1959 साली तिथल्या मसाईंना उठवून न्गोरोंगोरोच्या बाजूला पाठवलं. इथे तुम्हाला राहता येईल, असं तेव्हा सांगितलं होतं. 2022 पासून त्या न्गोरोंगोरोतूनही कुटुंबं शेकडो किलोमीटर दूर म्सोमेराला हलवली जात आहेत आणि त्यावरून रान पेटलं आहे. 1959 सालीच ग्झिमेक बापलेकांचा सेरेंगेटीवरचा माहितीपट आला, त्याला ऑस्कर मिळालं, आणि राखलेल्या भूमीत माणूस नको हा विचार युरोपातल्या घराघरांत पोचला. तुमच्या पहिल्या दिवसाचं चित्र त्या विचाराने रंगवलेलं आहे. चित्रात मसाई असतो, पण लाल शाल पांघरून, लॉजच्या दारात उड्या मारताना.

पाहुणा : दूरच्या अन्यायाची उदाहरणं देताना आपल्याला जोर चढतो. आपल्या दारातलं बोला ना.

शेजारी : तेच बोलायचं होतं. काळीमाती, कवलेवाडा, झनकारगोंदी. ही तिन्ही गावं नवेगावच्या जंगलातली. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला डिसेंबर 2013 मध्ये, त्याच्या आगेमागेच ती उठली आणि आपल्या सौंदडशेजारी श्रीरामनगर वसलं. आज कुणी पाहुणा नवेगावच्या फाटकातून आत शिरला की गाईड त्याला कुरण दाखवतो, चितळ दाखवतो. त्या कुरणात कुणाचं अंगण होतं, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं. श्रीरामनगरच्या लोकांचं म्हणणं असं की सांगितलेल्या सोयी आणि रोजगार पदरात पडले नाहीत. मागण्यांसाठी ती माणसं बायकापोरांसह पुन्हा जुन्या गावठाणाकडे चालत निघाली होती. आपण दोघांनी ती बातमी पेपरात वाचली, आणि ते गाव आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मग मला सांगा, सफारीचा पहिला दिवस सुरू होतो म्हणजे नेमकं काय सुरू होतं?

पाहुणा : बातमी मीही वाचली आणि मलाही ती टोचली. पण त्यातून 'गावं आतच राहायला हवी होती' असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. पावसाळ्यात नाला भरला की बाळंतिणीला खाटेवर घालून आणावं लागत होतं, शाळेला मास्तर टिकत नव्हता, रात्री रानडुकरांनी बांधी उकरली तर सकाळी तक्रार द्यायला दिवसभराची पायपीट. बाहेर यायचं म्हणणारेही त्यातच होते, विशेषतः तरुण. केंद्राच्या योजनेत कुटुंबामागे दहा लाख रुपये ठरले होते, पुढे 2021 मध्ये ते पंधरा लाख झाले. दिलेला शब्द पाळला गेला नाही, हे पाप शब्द देणाऱ्याचं. पण पुनर्वसन नीट झालं नाही म्हणून स्थलांतरच चूक होतं, असं म्हटलं की आपण त्या लोकांच्या इच्छेवर दुसऱ्यांदा पाय देतो. आणि 'मूळचं', 'अस्पर्श' असं काही कुठे असतं ही कल्पना मीही सोडली आहे. नवेगावचा बांध घ्या. तो तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आपण सांगत आलो. सात डोंगरांच्या मधलं ते पाणी माणसाने अडवलं, म्हणून पाखरं आली, म्हणून 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालं. कोहळ्यांनी तळी बांधली नसती तर पक्षीनिरीक्षकाला इथे यायचं कारणच नव्हतं. माणूस जंगलात असतो तेव्हाही जंगल घडवतो, बाहेर पाठवला तरी घडवतो. मग पाहणाऱ्यालाच तेवढा आरोपीच्या पिंजऱ्यात का उभा करता?

शेजारी : पाहण्याला माझा विरोध नाही, पाहण्याच्या घाईला आहे. नवेगाव मराठी माणसाला कुणी दाखवलं? मारुती चितमपल्लींनी. ते सोलापूरचे, म्हणजे तुमच्या भाषेत पाहुणेच. पण ते वनखात्याच्या नोकरीत इथे वर्षानुवर्षं राहिले. माधवराव पाटील डोंगरवारांसारखा इथला जाणकार सोबत घेतला, ढिवरांकडून मासे आणि पाणपाखरं समजून घेतली, गोंडांकडून झाडं. मग 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक झालं. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला आले, मुक्काम ठोकून बसले, पायी हिंडले, चित्रं काढली आणि मग लिहिलं. त्यांनाही पहिला दिवस होताच, पण त्यांनी तो मागे पडू दिला. सफारीचा धंदा नेमकं उलट करतो. आठवडाभराची सहल असते, त्यात अम्बोसेली, नाकुरू, नैवाशा, मारा. प्रत्येक ठिकाणी एक-दोन मुक्काम. म्हणजे कंपनी तुम्हाला एकामागून एक पहिलेच दिवस विकते. दुसरा दिवस, ज्यात कंटाळा येतो, काहीच दिसत नाही, मग बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष जातं, तो यादीत बसत नाही. आणि यादी कुणाची? सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. ही पाचांची मोजदाद शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जिवावर बेतणारी ती पाच जनावरं. केनियाने शिकार 1977 साली बंद केली, पण यादी तशीच राहिली.

पाहुणा : यादीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. वायरलेसवर कुणी तरी सिंहाची खबर दिली की सगळ्या गाड्या तिकडे वळायच्या, आणि टोळीपासून एकट्या पडलेल्या जिराफाकडे कुणाचं लक्ष नसायचं. ताडोब्यातही वेगळं काय घडतं? वाघाच्या पुढे-मागे जिप्स्यांची रांग लागते. पण आता मला उलटा प्रश्न विचारू द्या. ज्याला पहिला दिवस सतत विकला जातो, तो उथळ राहतो, ठीक. ज्याच्या आयुष्यात पहिला दिवस कधी येतच नाही, त्याचं काय? सौंदडमधली किती माणसं नागझिऱ्यात नुसतं पाहायला म्हणून गेली आहेत? पिटेझरी किंवा चोरखमारा ही नावं आपण बसच्या पाटीवर वाचतो. वाघ आपल्याला भेटतो तो मेलेल्या बैलाच्या पंचनाम्यात. रानगवा भेटतो तो तुडवलेल्या पिकात, रानडुक्कर जागलीच्या रात्री. तुमचीच गोष्ट घ्या. तुम्हाला डुकराच्या खुरांचा ठसा अंधारात ओळखता येतो, पण त्याच डुकरीण-पिल्लांकडे दहा मिनिटं रागाशिवाय पाहिलंत का कधी? ज्याच्याशी रोजचा व्यवहार असतो ते आपण पाहणं सोडून देतो. देवळाशेजारी राहणारा घंटा ऐकत नाही, तसं आपलं झालं आहे. पाहुणा उथळ असेल, पण पाहायला म्हणून तोच थांबतो.

शेजारी : नुकसानीच्या डोळ्यांनी पाहतो, हे मान्य. भरपाईचा कागद हातात असताना कौतुक सुचत नाही. पण म्हणून पाहत नाही, हे मान्य नाही. शेजाऱ्याला एक गोष्ट दिसते जी पाहुण्याला पहिल्या दिवशी दिसणं शक्यच नाही. काय नाहीसं झालं, ते. केनियातल्या मोजण्या सांगतात की 1977 ते 2016 या काळात तिथल्या वन्यप्राण्यांची संख्या सरासरी दोन तृतीयांशांनी घटली. माराच्या भोवताली जमिनींची वाटणी झाली, कुंपणं आली, कळपांच्या जुन्या वाटा अडल्या. तुम्ही गवतावर जे पाहून हरखलात ते उरलेलं होतं. पण पहिल्या दिवशी तुलना करायला मागचं काहीच नसतं, म्हणून सगळं भरपूर वाटतं. म्हातारा मसाई त्याच मैदानाकडे बघून दुसरंच काही मोजत असेल. मी नवेगावच्या तळ्याकडे पाहतो तेव्हा मला तिथे नसलेले सारस दिसतात. पाहुणा तळं पाहून खूश होतो, मी पाणी रिकामं पाहून येतो. आज महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात, तेही परसवाडा-झिलमिलीच्या बाजूला, धानाच्या बांध्यांत, शेतकऱ्याच्या मेहेरबानीवर.

पाहुणा : तुमचा हा मुद्दा आजवरच्या सगळ्या हरकतींत मला सर्वांत जड वाटतो. त्यालाच मी माझा अनुभव जोडतो, कारण तो त्याच्या विरुद्धही जातो आणि बाजूनेही. पहिल्याच संध्याकाळी एका मेलेल्या विल्डबीस्टवर गिधाडं उतरली. दहा, वीस, मग मोजता येईनात. गाडीतल्या इतरांना किळस आली, ड्रायव्हरला पुढे चला म्हणाले. मी मात्र खिळून राहिलो. लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून अशीच उतरायची. नव्वदच्या दशकात ती गेली, आणि कधी गेली ते आपल्याला कळलंसुद्धा नाही. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती, हे पुढे सिद्ध झालं आणि 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं गेलं. पण ते सगळं मी वाचलेलं होतं. आपलं आभाळ रिकामं आहे, हे मला माराच्या गवतावर दिसलं. इथे बसून इतकी वर्षं दिसलं नव्हतं. तेव्हा, भाऊ, शेजाऱ्याला काय गेलं ते दिसतं, हे तुमचं म्हणणं नेहमीच खरं नसतं. हळूहळू गेलेलं शेजाऱ्यालाही दिसत नाही. ते दिसायला कधीकधी परक्या मुलखातला भरलेला दिवस लागतो. सौंदडहून गेलेला पाहुणा कोऱ्या डोळ्यांनी जात नाही, आपल्या गावची रिकामी जागा सोबत घेऊन जातो.

शेजारी : हे मला सुचलं नसतं. पण इथेही पाहुण्याच्या पहिल्या दिवसाची मर्यादा आहेच. ती गिधाडंही तिथे निर्धास्त नाहीत. सिंहाने गाय मारली की चिडलेला गुराखी मढ्यावर विष टाकतो, सिंह मरतो न मरतो, गिधाडं मात्र डझनांनी मरतात. तुम्हाला आपल्या आभाळाची आठवण झाली, त्यांच्या आभाळावर येऊ घातलेलं संकट तुम्हाला दिसलं नाही. आणि आठवण झाली, पुढे काय? माझा संशय असा की पाहुण्याला झालेली जाणीव पुन्हा पाहण्यातच खर्च होते. गिधाडं पाहिली, आता पुढच्या वर्षी गेंडे पाहू. सरकारही पाहुण्याच्याच डोळ्यांनी विचार करू लागलं आहे. चित्ते नामिबियाहून कूनोच्या जंगलात आणले, सप्टेंबर 2022 मध्ये आठ, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा. ज्या देशात 1952 साली चित्ता संपल्याचं जाहीर झालं, तिथे तो पुन्हा दिसावा, ही इच्छा मला समजते. पण माळढोक जिथे शेवटचे श्वास घेतो आहे त्या माळांवर तेवढा पैसा, तेवढे कॅमेरे का जात नाहीत? दिसण्यासारखं जनावर आणलं की फाटकावर रांग लागते, म्हणून तर नाही?

पाहुणा : जाणीव पाहण्यातच खर्च होते, या आरोपाला उत्तर द्यायला मी महामार्गावर येतो. माराच्या वाटेवर हत्ती रस्ता ओलांडत होते. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवला नाही, आणि सगळा कळप, पिल्लांसकट, निवांत पलीकडे गेला. तेव्हा मला आपला राष्ट्रीय महामार्ग 53 आठवला. वर नागझिरा, खाली नवेगाव, मधून हा रस्ता, त्याच्या काठावर आपलं गाव. शिवाय गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग आपल्याच स्टेशनातून जातो. याच मार्गावर नोव्हेंबर 2018 मध्ये चंद्रपूरजवळ जुनोनाच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. नागझिऱ्यातला 'जय' हा वाघ 2013 मध्ये रस्ते, शेतं, वैनगंगा ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला, देशभर गाजला, आणि एप्रिल 2016 नंतर कुणाला दिसला नाही. असे वाघ जातात-येतात ते आपल्या शिवारातून. म्हणजे सौंदड ही जंगलाच्या कडेची जागा नसून दोन जंगलांच्या मधला उंबरठा आहे. हे मला इथे राहून कळायला हवं होतं, कळलं तिकडे. नैरोबीत शहराला लागून 117 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, 1946 सालचं. त्यावरून नवी रेल्वे नेताना विरोध झाला, खटले झाले, तरी ती गेलीच, पण उंच खांबांवरच्या सहा-एक किलोमीटरच्या पुलावरून, आणि खालून जिराफ जातात. तडजोड आहे, आदर्श नाही. पण गाडी खालून की वरून न्यायची हा प्रश्न तिथे निदान विचारला गेला. आपल्या शिवारातून रस्ता रुंद होताना ग्रामसभेत आपण काय विचारलं? मोबदला किती आणि ढाब्याला वाट कुठून.

शेजारी : मोबदल्याचा प्रश्न विचारणाऱ्याला हसू नका. ज्याची जमीन जाते तो आधी तेच विचारणार. पण उंबरठ्याची गोष्ट पटली. मात्र उंबरठा म्हणून गावाची किंमत ठरली की काय होतं, तेही माहीत आहे. 20 मे 2023 ला ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. तिकडे वाघांची दाटी, इकडे जागा, म्हणून. शास्त्र म्हणून मला त्यात खोट दिसत नाही. पण वाघीण सोडताना मंत्री येतात, छायाचित्रं येतात, पाठोपाठ रिसॉर्टवाले जमिनी बघायला येतात. उद्या सौंदडच्या रस्त्यावर सफारीच्या पाट्या लागतील. एखादा नैरोबीचा माणूस इथे उतरेल, आपल्या जंगलातला त्याचा पहिला दिवस असेल, आणि तोही म्हणेल की अर्ध्या दिवसात फार काही कळलं. तेव्हा त्याच्या चित्रात आपण कुठे असू? लॉजच्या दारात ढोल वाजवणारे?

पाहुणा : ते आपण कोणत्या अटी घालतो त्यावर आहे. माझ्या अटी सांगतो. फाटकाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा बफरमधल्या आणि उठवलेल्या गावांना योजना म्हणून नाही, भाडं म्हणून मिळावा, आणि पाहुणे कमी आले तरी मिळावा. गाईडने काळीमाती, कवलेवाडा, झनकारगोंदी यांची नावं घेऊन ती कुठे होती ते सांगावं. निर्मनुष्य जंगल म्हणून ते विकू नये. आणि गावातल्या प्रत्येक पोराला वर्षातून एकदा फुकट, काही काम नसताना, आत जाऊ द्यावं. पंचनाम्याच्या बाहेरचा वाघ त्यालाही कळावा.

शेजारी : तिसरी अट ऐकून मला हसू येतं आणि रागही येतो. ज्या जंगलातून आमच्या आजीने मोह आणला, त्यात जाण्यासाठी आमच्या पोरांना फुकट पास. पहिल्या दोन अटींवर मी सही करीन. पण त्यांच्याही आधी एक प्रश्न आहे. श्रीरामनगरचा एखादा मुलगा जिप्सीचा ड्रायव्हर होईल. सकाळी पाहुण्यांना घेऊन फाटकातून आत जाईल आणि आपल्या बापाच्या घराच्या जोत्यावरून गाडी नेताना म्हणेल, इथे चितळ हमखास दिसतात. हा त्याला मिळालेला रोजगार, की दुसऱ्यांदा उठवणं? तुम्हाला पहिलं वाटेल, मला दुसरं. आपण दोघं त्याच्या जागी नाही. म्हणून फाटक उघडण्याआधी त्याला विचारलं पाहिजे, नंतर नाही.

पाहुणा : आणि तो हो म्हणाला तर?

शेजारी : तर मी हरकत मागे घेईन. पटलं, असं मात्र म्हणणार नाही. पोटासाठी दिलेला होकार आणि मनापासूनचा होकार बाहेरून सारखेच दिसतात. आणि तो नाही म्हणाला तर?

पाहुणा : तर इथलं फाटक बंद राहावं, असं मी म्हणेन. पण मग माराचं माझं तिकीटही त्याच प्रश्नाखाली येतं. तिथल्या जमिनीचं भाडं ठरताना कुणाला विचारलं होतं, कोण हो म्हणालं आणि कशासाठी, हे शोधल्याशिवाय मला माझ्या त्या पहिल्या दिवसाची बाजू इतक्या ठामपणे घेता येणार नाही. तो दिवस खोटा होता, हे मात्र मी तरीही मान्य करणार नाही.